गंजिफा आणि एक उडी

गेल्या वर्षी आमच्या नववीतील एका विद्यार्थ्याने संगणकावरील एका परदेशी खेळात फेरफार केला. बर्फाळ डोंगराच्या जागी त्याने धारगळचे माड उभे केले आणि चिलखती योद्ध्याच्या जागी आपल्या दशावतारातील संकासुर! असल्या फेरफारास मुले ‘मॉड’ म्हणतात. आम्ही त्याला वर्गासमक्ष फटकारले. दुसऱ्याच्या चित्रावर रंग फासणे हा मूळ कर्त्याचा उपमर्द होय, असे आम्ही म्हणालो. तो मुकाट्याने खाली बसला.

पुढे दिवाळीच्या सुटीत सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा पाहण्याचा योग आला. हाताने रंगविलेले ते वाटोळे पत्ते मूळचे इकडचे नव्हेत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली खेळात ८ रंग व ९६ पत्ते. आपल्या लोकांनी त्यातील नाणी, तलवारी, मुकुट दूर सारून मत्स्य-कूर्मादी दहा अवतार बसविले. पत्ते झाले १२०. वरवर पाहता मूळचे काहीच उरले नाही. परंतु प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा हे बारा पत्ते तसेच राहिले. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्यांत एक्का मोठा, हा चमत्कारिक क्रमही टिकला. मोगली डावाचा आरंभ दिवसा सोन्याच्या नाण्याच्या रंगाने होई, रात्री रुप्याच्या. दशावतारी डावात दिवसा राम, रात्री कृष्ण. नाण्यांचे देव झाले, पण दिवस-रात्रीचा भेद कोणी मोडला नाही! ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही अशा त्या मूळ खेळकर्त्याचे खरे कसब कशात होते, हे आम्हांस त्या न बदललेल्या भागातच दिसले.

मग आमचा तो ‘उपमर्द’ हा शब्द आम्हांसच बोचू लागला. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळावर मिन्ह ले व जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला, तेव्हा मूळ कंपनी रागावली नाही. २००० साली तिने तो स्वतःच विक्रीस काढला. आमच्याइतकी सोवळी ती नव्हती, एवढेच.

शाळा उघडताच आम्ही त्या मुलाला बोलाविले, वर्गासमक्षच आपली चूक कबूल केली आणि त्याने काय बदलले नाही, ते विचारले. त्याने क्षणभर विचार केला.

“सर, उडी. ती तशीच दवरली. म्हाका तशी करूंक येना.”