डोळे येणे, डोळे जाणे

आपल्या मराठीला डोळ्यांचे मोठे वेड. साथीत आपले डोळे ‘येतात’, म्हातारपणी ‘जातात’, वाण्याचे बिल पाहून ‘पांढरे होतात’, आणि पहाटे कुठे तो ‘लागतो’. हे वाक्प्रचार वर्गात शिकवताना मला भाषेचा अभिमान वाटे. पण जिच्यावर सारी दृष्टी अवलंबून, त्या नसेबद्दल आपल्याकडे एकही म्हण नाही. तिची ओळख मला माझ्या सात वर्षांच्या भाच्याने करून दिली.

माढ्याला माझी धाकटी बहीण असते. भाच्याला कांजिण्या झाल्या, खपल्या पडल्या, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळही झाली. आठ-दहा दिवसांनी स्टँडवर तो म्हणाला, “मामा, एस्टी अशी मळकी का दिसते?” एस्टी तर चांगली लालभडक होती. आजी म्हणाल्या, अशक्तपणा आहे. वडील म्हणाले, मोबाइल फार पाहतो. बहीण मात्र काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटातली चटणी त्याला दिसेना, तशी तिने सरळ सोलापूर गाठले.

डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या आळसावल्यासारख्या आकसल्या. मग त्यांनी आत डोकावून पाहिले. डोळ्याच्या आत डोकावण्याचे हे यंत्र जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे मांडले. आत नसेचे तोंड सुजले होते.

ही नस जेमतेम पाच सेंटिमीटर लांब, पण तिच्यात दहा लाखांवर तंतू. विषाणूशी लढायला निघालेली शरीराची फौज लढाई संपल्यावर कधी कधी घरच्याच माणसांवर तुटून पडते आणि तंतूंवरचे आवरण सोलते. मोठ्यांत बहुधा एकच डोळा बिघडतो आणि हलवताना दुखतो. मुलांत पुष्कळदा दोन्ही बिघडतात, आणि दुखेलच असे नाही. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार मूल कशी करणार? आणि लाल रंग आधी विटतो, हे त्याला कोण सांगणार?

मेंदूचा एमआरआय झाला, रक्त तपासले. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड, मग हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या. हे औषध डॉक्टरांच्याच हातचे. घरच्या शहाणपणाने सुरू करायचे नाही आणि मध्येच सोडायचेही नाही. बहुतेक मुलांची दृष्टी काही आठवड्यांत बरीचशी परतते. सगळ्यांची पूर्ण परतते असे नाही. काहींचे दुखणे उलटते, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. भाचा आता पुस्तक वाचतो. बहीण अजून दर महिन्याला त्याला लाल दोऱ्याचे रीळ दाखवते.

मुलांच्या बोलण्यातले अर्धेअधिक आपण कल्पना म्हणून हसून सोडून देतो. आजारातून उठलेले पोर रंग फिका दिसतो म्हणाले, चालता चालता उंबऱ्याला अडखळू लागले, तर चष्म्याच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आईला जे न सांगता कळते, ते आपण निदान सांगितल्यावर तरी ऐकावे.