प्रोटीनची मुदत ठेव

लातूरकराला प्रोटीनचे महत्त्व सांगणे म्हणजे मुनीमजीला पाढे शिकवणे. आमच्या आडतीत तुरीचे ढीग लागतात, आणि शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असते. तरी हल्ली जो तो पोट आत घ्यायला प्रोटीन पावडरचा डबा आणतो.

प्रोटीन वाईट नाही हो! डाएटात ते भूक आवरते, स्नायू राखते. पण शरीराच्या बँकेत त्याची मुदत ठेव होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा, म्हणजे साठ किलोच्या गृहस्थाला पन्नास. त्यापुढेही उष्मांक ग्रॅमला चार, साखरेइतकेच! आणि प्रोटीन वापरून उरलेला युरिया जातो मूत्रपिंडाच्या काउंटरवर. धडधाकट मूत्रपिंड ही गर्दी बिनबोभाट उरकते. मात्र जुना मधुमेह असेल, तर तिथला निम्मा स्टाफ रजेवर असू शकतो, आणि बाहेर तशी पाटी लागत नाही.

आमच्या हेडकॅशियरना पंधरा वर्षांचा मधुमेह. भाकरी बंद करून त्यांनी दिवसाला चार चमचे पावडर सुरू केली. मी म्हटले, "साहेब, नोटा दोनदा मोजता, मग क्रिएटिनिन एकदा तरी मोजा की!" मोजले. वाढलेले निघाले. डॉक्टरांनी पावडर बंद केली. वाटीभर वरण, अर्धी भाकरी आणि रोजचे चालणे लिहून दिले.

डबा मात्र वाया गेला नाही. वहिनींनी त्यात तूरडाळ भरली.