वहीत कोण कोणाचं देणं लागतो?

जानेवारी २०२६ मध्ये आयटी कंपन्यांचे तिमाही निकाल लागले आणि आमच्या कॅन्टीनमध्ये दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता. टीसीएसने नव्या कामगार संहितांपायी २,१२८ कोटी रुपयांचा एकदाचा खर्च दाखवला, इन्फोसिसने १,२८९ कोटींचा. "एवढे पैसे गेले कुणाला? एम्प्लॉयींसाठी म्हणे! तिकडच्या माझ्या मित्राला तर एक दमडी मिळाली नाही," असं आमच्या टीममधला एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी या दोन्हींपैकी एकाही कंपनीत नाही. आमची एका परदेशी कंपनीची इथली शाखा. पण प्रश्न डोक्यात बसला, आणि शनिवार-रविवार त्यातच गेला.

उत्तर थोडं गमतीशीर आहे. ते पैसे कुणालाच गेले नाहीत. तरीही ते नफ्यातून वजा झाले, आणि ते बरोबरच झालं.

कसं ते सांगतो. (सीए मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल!) कंपनी आपल्याला म्हातारपणासाठी दोन प्रकारे देते. पहिला प्रकार पीएफचा. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरली की कंपनी मोकळी. पुढे तिचं काय होईल ती जोखीम आपली, नाहीतर पीएफ खात्याची. याचा हिशोब सोपा, भरले तेवढे खर्ची टाकायचे. दुसरा प्रकार वचनाचा. "तू इतकी वर्षं काम केलंस, तर जाताना तुला अमुक सूत्राने पैसे देईन." जुन्या पद्धतीची पेन्शन ही अशी, आणि आपल्याकडची ग्रॅच्युइटीही अशीच. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. १९७२ च्या कायद्यापासून हे सूत्र चालत आलंय.

आता यातली मेख बघा. सूत्रात *शेवटचा* पगार आहे, आणि तो सगळ्या वर्षांना लागू होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. आपल्याकडे बेसिक कमी आणि भत्ते जास्त ही तर जुनी रीत. समजा महिना एक लाखाचं पॅकेज आणि त्यात बेसिक ३५ हजार. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी होत होती २,०१,९२३ रुपये. वेतन ५० हजार धरलं की तीच होते २,८८,४६२. मागच्या दहा वर्षांत केलेल्या कामाचं देणं एका दिवसात साधारण ८६ हजारांनी वाढलं. हे गुणिले काही लाख कर्मचारी. (त्यात शिल्लक रजेचं देणंही आलं.) हिशोबाचा नियम सांगतो की मागच्या सेवेचं देणं वाढलं तर ते लगेच नफ्यातून वजा करा, माणूस घरी जाईल तेव्हा नाही. म्हणून ते कोटींचे आकडे.

पण हे देणं मोजायचं कसं? मी कधी नोकरी सोडणार, तेव्हा माझा पगार किती असणार, मी तोवर जिवंत असेन का, हे तर मलाही माहीत नाही! त्यासाठी ॲक्च्युअरी नावाचा प्राणी असतो. तो पगारवाढीचा दर धरतो, मृत्यूचा तक्ता घेतो, किती टक्के लोक दरवर्षी सोडून जातात ते धरतो, आणि भविष्यातली रक्कम व्याजदराने मागे आणून आजची किंमत काढतो. हा व्याजदर फार खोडकर आहे. वीस वर्षांनी द्यायच्या एक लाखाची आजची किंमत ७ टक्क्यांनी २५,८४२ रुपये, आणि ६ टक्क्यांनी ३१,१८०. वचन तेच, माणसं तीच, फक्त दर एक टक्क्याने खाली आला आणि कर्ज वीस टक्क्यांनी वाढलं.

दुसरा खोडकर आकडा म्हणजे ॲट्रिशन. संहिता येईपर्यंत कायम नोकरीतल्या आणि मुदतीच्या करारावरच्या, सगळ्यांनाच ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट होती (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर सोडून). कायम नोकरीवाल्यांना ती आजही आहे. समजा दरवर्षी वीस टक्के लोक सोडतात. मग आज आलेल्या शंभरांतले पाच वर्षांनी उरतात जेमतेम तेहतीस. म्हणजे आपण जॉईन होतो त्याच दिवशी आपल्यातले सदुसष्ट जण त्या हिशोबातून वजा झालेले असतात. कुणाचं नाव नसतं, फक्त संभाव्यता. तुमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, 'कर्मचारी लाभ' अशी टीप शोधा, तिथे हे गृहीतक छापलेलं सापडेल. आपण किती टिकू याविषयी कंपनीचं खरं मत एचआरच्या भाषणात नसतं, तिथे असतं.

बहुराष्ट्रीय कंपनीत याला आणखी एक पदर आहे. माझं हेच देणं इथल्या शाखेच्या ताळेबंदात इंड एएस १९ प्रमाणे मोजलं जातं. त्यासाठी दर घेतात सरकारी रोख्यांचा, आणि दर बदलल्यामुळे होणारा फरक नफ्यात न येता एका वेगळ्या ओळीत जातो, कायमचा. पालक कंपनी अमेरिकेतली असली, तर तिच्या वहीत ते डॉलरमध्ये आणि अमेरिकन नियमांनी जातं. तिथे तोच फरक हळूहळू, वर्षावर्षांत वाटून नफ्यात आणता येतो. म्हणजे मी एकच, माझी नोकरी एकच, आणि माझं देणं दोन वह्यांत दोन तऱ्हेने लिहिलेलं!

अमेरिकेत तर वर्षानुवर्षं पेन्शनच्या देण्याचा बराच भाग तळटीपेतच राहत असे. २००६ साली एफएएस १५८ हा नियम आला आणि तूट असेल तर ती ताळेबंदावर दाखवणं भाग पडलं. त्याच वर्षी जानेवारीत आयबीएमने जाहीर केलं की २००८ पासून अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांची जुन्या पद्धतीची पेन्शन पुढे वाढणार नाही, यापुढे आपापल्या खात्यात पैसे. २०१२ मध्ये जनरल मोटर्सने साधारण २६ अब्ज डॉलरचं पेन्शनचं देणं कमी करायचं ठरवलं, आणि त्यातलं बरंचसं प्रुडेन्शियल या विमा कंपनीकडे सोपवलं. वचनाची किंमत डोळ्यांसमोर आली की पुढची वचनं द्यायला कंपन्या कचरतात, असंही याचं एक वाचन आहे. पण दुसरी बाजू बघा. आयबीएमने पुढचं थांबवलं, तोवर कमावलेलं काढून घेतलं नाही. जीएमने देणं सोपवलं ते फुकट नाही, सोबत मालमत्ताही द्यावी लागली. जे लिहिलं गेलं होतं ते पुसता आलं नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना जव्हारला मामांकडे जाणं झालं. मामा जिल्हा परिषदेचे शिक्षक. जव्हार तालुक्यातल्या जामसरला त्यांची बरीच वर्षं गेली. आता निवृत्त. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतात आणि पेन्शन घेतात. रविवारी सकाळी "चल, जामसरला एक चक्कर मारून येऊ" म्हणाले, म्हणून निघालो. वाटेत मी त्यांना हा ॲक्च्युअरीचा प्रकार समजावून सांगायला लागलो. मला वाटलं होतं वेळ लागेल. पण त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"अरे, हे तर आमचं अंशराशीकरण! मी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले ना, तेव्हा वय बघून तक्त्यातला आकडा लावला होता. पंधरा वर्षांनी तो भाग परत सुरू होतो."

अगदी बरोबर. पुढच्या पैशांची आजची किंमत. मामा हे गणित माझ्या आधी कितीतरी वर्षं जगलेत.

"म्हणजे कंपनी तुझं देणं लागते, हे ती दरवर्षी लिहून ठेवते?"

"हो मामा, लिहावंच लागतं."

"आणि माझं कुठे लिहिलंय?"

याचं उत्तर जरा अवघड आहे. आपल्या सरकारांचे हिशोब रोखीचे. या वर्षी पेन्शनवर किती खर्च झाला ते अर्थसंकल्पात दिसतं. पण आजवर दिलेल्या सगळ्या वचनांची आजची किंमत किती, हे ताळेबंदात कर्ज म्हणून येत नाही. मामांना महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, त्यात खंड नाही. १९८२ च्या नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. म्हणून मामा निर्धास्त. पण त्यांच्यानंतर त्याच शाळांमध्ये, १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्या शिक्षकांना ही पेन्शन मिळाली नाही. एक तारीख ठरली आणि दार बंद झालं. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते यासाठीच. त्या वादात एक बाजू म्हणायची तिजोरी बुडेल, दुसरी म्हणायची काही होत नाही. ताळेबंदातला एक आकडा दोघांच्याही समोर असता, तर निदान भांडण त्या आकड्यावर झालं असतं.

जामसरला मामांचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता चाळिशी ओलांडलेला. भात, नागली निघाली की दिवाळीनंतर बायको-मुलांना घेऊन वीटभट्टीवर जाणारा, या भागातल्या शेकडो कुटुंबांसारखा. या वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे घरी राहिला होता. मामांनी विचारलं, "शेठचं काही बाकी आहे का?" तो म्हणाला, "हाय ना गुरुजी. उचल घेतलेली पावसाळ्यात. ती फिटायची हाय."

मी तिथे गप्पच झालो. कारण तीही एक वही आहे, आणि तिच्यात त्याचं नाव आहे. फक्त दुसऱ्या बाजूला! माझ्या कंपनीच्या वहीत कंपनी माझं देणं लागते. भट्टीच्या वहीत तो शेठचं देणं लागतो. मी केलेल्या प्रत्येक वर्षाच्या कामाने माझं येणं वाढतं. त्याने वीस-बावीस हंगाम विटा पाडल्या, त्यातून त्याचं म्हातारपणाचं येणं शून्य, कारण दर हंगामाला हिशोब नव्याने सुरू होतो आणि तोही उचलीपासून. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचल घेऊन पाठीमागे राहिलेलं फेडायला पुन्हा जाणं चालूच आहे. पासष्टी गाठली आणि कागदपत्रं जमली तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये. ते सरकार देणार, ज्यांच्यासाठी त्याने विटा पाडल्या त्यांच्यातला कुणी नाही.

परतताना मामा म्हणाले, "वर्गात हुशार होता रे. पाढे तोंडपाठ." एवढंच.

कुणी म्हणेल, मल्टिनॅशनलच्या ताळेबंदाची तुलना वीटभट्टीशी काय करतोस? पण मला वाटतं मुद्दा एकच आहे. काम आज होतं आणि म्हातारपण नंतर येतं. मधल्या काळात ते देणं कुणाच्या तरी वहीत असावं लागतं. आयएएस १९ सारखा कंटाळवाणा नियम एवढंच करतो: ज्याने काम घेतलं त्याच्या वहीत, काम झालं त्याच वर्षी, आकडा लिहायला लावतो. नफा जाहीर करायच्या आधी. त्याने कंपनी उदार होत नाही. पण "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय राहत नाही.

आणि यासाठी जामसरला जायचीही गरज नाही. आमच्या ऑफिसच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका मी लागलो त्याच्या आधीपासून तिथे उभे आहेत. युनिफॉर्मवरचं ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं. दर वेळी नवा मालक, नवं आयकार्ड, आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या कंपनीच्या 'कर्मचारी लाभ' टिपेत ते नाहीत, कारण कागदोपत्री ते आमचे नाहीत. नव्या संहितांनी मुदतीच्या करारावरच्या लोकांना एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी दिली आहे. पण काकांचा करार तसा आहे का, हे त्यांनाही माहीत नाही. त्यांच्याकडे नेमणुकीचं पत्रच नाही.

तेव्हा मंडळी, या विकेंडला दोन गोष्टी करून बघा. एक, आपल्या कंपनीच्या अहवालातली ती टीप वाचा. अर्धा तास लागतो, आणि इन्क्रिमेंट लेटरपेक्षा जास्त कळतं. दोन, तुमच्या गेटवर, पॅन्ट्रीत, हाऊसकीपिंगला जे कुणी आहेत त्यांना विचारा, नेमणुकीचं पत्र आहे का आणि त्यावर तारीख कोणती. मी सोमवारी काकांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, ठेकेदाराकडे तुम्हीच मागा, मी मागितलं तर ड्युटी जाईल." पत्राची विनंती ॲडमिनला मेलने केली आहे. उत्तर आलं की कळवतो.