पेठेतला डबा आणि रविवारची रात्र

पुण्याच्या सदाशिव पेठेतून दुपारी साडेबाराच्या सुमारास तुम्ही कधी चालत गेला आहात का? नसाल, तर एकदा मुद्दाम जाऊन पाहा. टिळक रस्त्यावरून आत वळलं की जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारती, दर दोन-चार दारांवर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशी पाटी, मध्येच एखादी अभ्यासिका आणि पाटी न वाचता फोडणीच्या वासावरून सापडावी अशी मेस. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत ताटावर वाकलेली, हातातल्या नोट्स न सोडणारी मुलं.

या पेठांना विद्यार्थ्यांच्या पोटाची सवय जुनी आहे. एकेकाळी इथे गरिबाघरची मुलं वार लावून जेवायची, माधुकरी मागायची. सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ साली निघालं. तेव्हापासून किती गावांची मुलं या गल्ल्यांतून जेवून गेली असतील! आता वार गेले, महिन्याचे पैसे आले. आणि एक नवा शब्दही आला, ‘खाडा’. गावाला जाताना मेसच्या काकूंना आधी सांगितलं, तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. न सांगता गेलात, तर गेले!

माझी भाची इथे एम.एस्सी. करते. नाताळच्या सुट्टीत मी बार्शीहून स्वारगेटला उतरले ती तिच्यासाठीच. वर्गात तिला चक्कर आली होती, तपासलं तर हिमोग्लोबिन ९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या ती घेत होती. पण मला पाहायचं होतं ते तिचं ताट.

ताट कुठलं, डबाच होता! चार पोळ्या, एक सुकी भाजी, वाटीभर पातळ वरण, भात. एकीला पुरेल असा. पण खोलीतल्या दोघींनी तो मिळून लावला होता. ‘‘अगं मावशी, इथे सगळ्याच मुली असं करतात,’’ ती म्हणाली. ‘‘मुलांना नाही परवडत, त्यांना भूक लागते.’’ आता सांगा, मुलींना काय लागत नाही? मैत्रिणींनो, पैसे वाचवायची वेळ आली की आधी आपल्या पानातलं कमी करायचं, हे या मुली पुण्यात शिकल्या नाहीत, घरून शिकून गेल्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तो काही आकाशातून पडलेला नाही.

मग मी आपली वही काढली. हिशेब करणं हा आपला हातखंडा! डबा महिन्याला २८०० रुपये, म्हणजे दोघींत १४०० प्रत्येकी. पण अर्धपोटी माणूस गप्प कसा बसेल? रोज चारला वडापाव आणि दोन चहा, ४० रुपये. महिन्याचे झाले १२००. शिवाय ताई दरमहा पार्सल पाठवायची, पौष्टिक म्हणून पावडरचा डबा, बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, त्याचे ९००. एकूण ३५००, आणि मुलगी चक्कर येऊन पडते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घेऊन बाजीराव रस्ता ओलांडला आणि मंडईत गेले. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत इंग्रज गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. आता ती महात्मा फुले मंडई. पुण्यात वर्षानुवर्षं राहून या मुली इथे येतात त्या गणपती पाहायला. मी म्हणते, पेरू घ्यायला या. थंडीत पेरूंचे ढीग लागतात, आणि क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा पेरूत किती तरी जास्त. अन्नातलं लोह अंगी लागायला तेच हवं. दिवेलागणीनंतर भाजीवाल्या उरलेल्या मालाचे वाटे स्वस्तात देतात. काकडी, टोमॅटो, गाजर, लिंबू, चिरून डब्याबरोबर खायचं. याला ना शेगडी लागते, ना घरमालकीणबाईंची परवानगी. आणि जेवल्याबरोबर चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. चहा सोड म्हटलं नाही मी; तासाभराने घे, इतकंच.

ताईलाही फोनवर सांगितलं, पावडरचा डबा बंद. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कारळ्याची चटणी, थोडे अळिवाचे लाडू पाठव. आपल्या सोलापूर भागात शेंगाचटणीला काय तोटा! शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. चारच्या भुकेला मूठभर पुरे. हे सगळं ४०० रुपयांत बसलं. पूर्ण डबा २८००, दूध आणि केळी रोजची २५ रुपयांची, म्हणजे ७५०. बेरीज ३९५०. घरी येते त्या चार दिवसांचा खाडा आधी सांगितला की पावणेचारशे वाचतात. पूर्वीपेक्षा पाऊणशे रुपये जास्त, आणि दोन वेळचं जेवण एकटीचं. मैत्रिणीच्या आईलाही मी वहीतलं हे पान दाखवलं बरं का, व्हॉट्सॲपवर. तिच्या मुलीचाही आता स्वतंत्र डबा आहे.

राहिली रविवारची रात्र. बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण घालतात आणि संध्याकाळी बंद. पाहावं तर पोरं रस्त्यावर, हातात कसली तरी तेलकट पुडी. त्या रात्रीसाठी दडपे पोहे! चूल लागतच नाही. मूग शनिवारी सकाळी भिजत घालून रात्री ओल्या रुमालात बांधायचे, रविवारपर्यंत मोड येतात. पातळ पोह्यांत चिरलेला कांदा, टोमॅटो, मूठभर मोड, शेंगदाणे, मीठ, साखर, ओलं खोबरं मिळालं तर तेही, आणि वरून अख्खं लिंबू पिळायचं. झाकण ठेवून वर एखादं जाडसं पुस्तक दडपायचं. पोहे मात्र पातळच घ्या. जाड पोहे असे मऊ होत नाहीत, आणि मुली म्हणतात, मावशीची कृती फसली.