मॅग्नेटो, कर्ण आणि न विचारलेला प्रश्न

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांत मुखवटे टांगलेले असतात. त्यांत परदेशी चित्रकथांतील महानायक दिसतात. खलनायकाचा मुखवटा आम्ही अजून पाहिलेला नाही. वर्गातला अनुभव मात्र उलटा आहे. आवडत्या पात्राविषयी लिहायला सांगितले, की दोन-चार विद्यार्थी तरी 'एक्स-मेन'मधील मॅग्नेटो निवडतात.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक हातोहात फिरत. १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. त्यातील वेताळाच्या ठोशाने दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटे आणि तेवढीच त्याची ओळख असे. त्याने चाचेगिरी का पत्करली, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये 'एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात आणलेला मॅग्नेटोही आरंभी असाच सपाट होता. लेखनाची सूत्रे १९७५ मध्ये ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आली आणि १९८१ च्या दीडशेव्या अंकात कळले, की त्याचे कुटुंब ऑशविट्झच्या छळछावणीत मारले गेले होते. जन्मतःच वेगळ्या असलेल्या आपल्या जमातीवर तीच पाळी येईल, हे त्याचे भय तेव्हापासून पोकळ वाटत नाही. नायकांच्या चमूशी त्याचे भांडण ठोशांपुरते न राहता त्याला वादाचे रूप येते.

हे आम्ही वर्गात मोठ्या समाधानाने सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्याच अंकात तो पाणबुडी बुडवतो ना? मग त्या खलाशांचं काय?"

'लेनिनग्राड' ही सोव्हिएत पाणबुडी तो माणसांसह बुडवतो, हे आम्हांला ठाऊक होते. आमच्या विवेचनात मात्र तिला जागा नव्हती.

त्या प्रश्नाने आम्हांला कर्णापाशी आणून सोडले. कर्ण खलनायक नव्हे, पण उभा आहे तो खलांच्या बाजूला. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण कथा सांगतात. भरसभेत कर्णाने जिचा अपमान केला, ती द्रौपदी या सहांत नाही. त्याच सुमारास आलेल्या इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये मात्र कर्णावर लेख आहे आणि द्रौपदीवरही. ही दोन्ही पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. 'कर्णाची शोकांतिका स्पष्ट करा' हा प्रश्नही नेमाने घातला. ती सातवी कथनकार का नाही, हे कधी विचारले नाही.

खलपात्राला भूतकाळ दिल्याने ते माणूस होते, हे खरेच. पण त्या भूतकाळाने कृत्याचे कारण कळते, कृत्य पुसले जात नाही. १९८५ च्या दोनशेव्या अंकात मॅग्नेटोवर खटला उभा राहतो. तो निकालापर्यंत पोहोचतच नाही आणि आरोपी नायकांच्याच शाळेची धुरा स्वीकारतो. वाचक म्हणून आपणही बहुधा असेच करतो. दुःखाची कहाणी ऐकली, की खटला मिटवून टाकतो.

असो. यंदाच्या चाचणीत आम्ही प्रश्न बदलला आहे: 'कर्णाचे व्यक्तिचित्र द्रौपदीच्या दृष्टीतून लिहा.' उत्तरे तपासताना आमची परीक्षा होणार आहे.