पोच

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं. पाठवणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि घेणाऱ्याने ते फाडून जवळ ठेवायचं. आणखी एका तुकड्यावर घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा असे. तो पाठवणाऱ्याकडे परत जाई. त्याला पोच म्हणत. १९६८ पासून पुढची दहा वर्षं आमच्या कराडच्या भाड्याच्या खोलीत दर महिन्याला मनीऑर्डर आली, आणि दर महिन्याला आईचा अंगठा एका पोचेवर उमटला. पोस्टमनच्या शाईच्या डबीत तो बुडवून कागदावर नीट टेकवायचं काम माझं. मी चौथीत गेल्यावर आईला सही शिकवली. पहिली सही गेली त्यानंतरच्या कुपनावर मामांनी एकच ओळ लिहिली होती : आक्काची सही पोचली, पोरींची शाळा सोडू नये.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, जंगी पलटणीत. १९६१ साली भरती झाले तेव्हा त्यांचं गाव पाटण तालुक्यात कोयनेच्या काठाला होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव गेलं. आजी-आजोबांना खालापूरकडे जमीन मिळाली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. माझी आई तेवढी कोयनेलाच राहिली, कारण माझे वडील कोयनानगरला धरणाच्या कामावर मिस्त्री होते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमाराला भूकंप झाला. मी सहा वर्षांची होते. दगडमातीची भिंत आत पडली आणि वडील तिच्याखाली गेले. मामा तार मिळाल्यावर सुट्टी काढून आले. ते रडले की नाही, ते मला आठवत नाही. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी त्यांनी ओढ्यावर नेऊन राखेनं घासली आणि ओळीनं पालथी घातली, हे मात्र आठवतं. आम्हा तिघींना कराडला आणून खोली घेऊन दिली आणि ते पलटणीत परत गेले. पुढच्या महिन्यात पहिली मनीऑर्डर आली, तीस रुपयांची.

माझं डी.एड. मामांच्याच पैशांवर झालं. धाकटीचं नर्सिंगही. मामांनी स्वतःचं लग्न १९७४ पर्यंत केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, सुट्टी मिळाली नाही. माझ्या लग्नात अंतरपाटाशी माझ्या पाठीमागे तेच उभे होते. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिला पगार त्यांच्या हातात ठेवायला गेले, तर त्यांनी पाकीट मोजलं, परत दिलं आणि म्हणाले, "आता आक्काला रेशमी लुगडं घे एक." मामांचं मी काही देणं लागते, ही गोष्ट त्यांनी मला कधी बोलूच दिली नाही.

लढाईचंही ते बोलत नसत. एकच रात्र सांगत, तीही आम्ही फार मागे लागलो तर. डिसेंबर १९७१. जमालपूरला पाकिस्तानी पलटण घट्ट बसलेली. ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र धाडलं, तर समोरच्या कमांडरनं उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवी बसली होती. दहाच्या रात्री ती फौज अंधारात निसटायला निघाली आणि नेमकी मराठ्यांच्या खंदकांवर आली. उजाडेपर्यंत गोळीबार चालला. "त्या दिशी तारीख लागली अकरा," मामा म्हणायचे. "दाजींना जाऊन चार वर्षं झाली, हे मला खंदकात आठवलं. म्हटलं, आज माझं काही झालं तर आक्काला दोन्ही एकाच दिवशी धरता येतील." एवढं बोलून ते उठून गोठ्यात जायचे. त्या महिन्याची मनीऑर्डर उशिरा आली होती. पत्ता ९९ एपीओ मार्फत. कुपन कोरं होतं.

विजयाला पन्नास वर्षं झाली त्या २०२१ च्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी एक सत्कार होता. माजी सैनिकांनी पदकं लावून यावं, असं निमंत्रणात लिहिलेलं. मी मामांना घेऊन गेले. कोट इस्त्रीचा, टोपी हिरवी. छाती मोकळी. कुणीतरी स्वयंसेवक पोरगा पदकवाल्यांना पुढच्या रांगेत बसवत होता. त्याचं काही चुकलं नाही, त्याला तसं सांगितलेलं. मामा न बोलता मागच्या रांगेत जाऊन बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला पहिल्यांदा लाज वाटली की साठ वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

"मामा, तुमची मेडलं कुठायत?"

"फिती हुत्या. वर्दीवर लावायचो. मेडल मागनं येत्यात म्हणाले."

"मग?"

"मग पेन्शनीत आलो."

हे काही मामांच्याच वाट्याला आलेलं नाही. पदक जाहीर होतं, सैनिकाच्या नावावर पार्ट टू ऑर्डर निघते, छातीवर रंगीत फीत लागते. प्रत्यक्ष धातूचं पदक टांकसाळीतून घडून, कडेवर नंबर आणि नाव कोरून यायला वेळ लागतो. कधी वर्षं, कधी दशकं. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि पदकानं त्याचं घर शोधत यायचं असतं. मामांच्या भरतीच्या कागदावर जे घर होतं ते पाण्याखाली होतं.

घरी येऊन डिस्चार्ज बुक काढलं. ओल लागून पानं चिकटलेली. वाफेवर धरून, सुरीच्या पात्यानं एकेक पान सोडवलं. नोंदी होत्या. ५ ऑगस्ट १९६५ ला सेवेत असल्याबद्दल रक्षा मेडल. नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. ३ ते १६ डिसेंबर १९७१ पूर्वेच्या आघाडीवर असल्याबद्दल पूर्वी स्टार. संग्राम मेडल. १९७२ च्या १५ ऑगस्टचं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. पाच. सगळी हक्काची. शौर्याचं एकही नाही, आणि ते त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं.

माझा मामेभाऊ म्हणाला, "ताई, दिल्लीला गोपीनाथ बाजारात अशी मेडलं तयार मिळतात. पट्टीवर लावूनसुद्धा देतात. मी मागवतो." त्याच्या मनात वडिलांबद्दल मायाच होती. मामांनी मान हलवली. "त्याच्या कडंला माझा नंबर असंल का?" विषय संपला.

मग कागद सुरू झाले. मामांच्या लष्करी नोंदीत नुसतं नाव होतं, आधार कार्डावर त्याला 'राव' जोडलेलं. आडनावातलं इंग्रजी एक अक्षर वेगळं. जन्मतारीख दोन्हीकडे दोन. 'हा माणूस तोच' हे सिद्ध करायला शंभरच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. गाव बुडाल्याचा दाखला मागितला गेला, तेव्हा पुनर्वसनाचे उतारे काढले. एका कचेरीतून, तिचं नाव घेत नाही, माझा अर्ज तीनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यावर शेरा होता की अर्जदार स्वतः सैनिक नाही. मी छत्तीस वर्षं मुलांना अर्ज कसा लिहावा हे शिकवलेली बाई. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मामांच्या नावानं, त्यांच्या सहीनं अर्ज केला. पाच पानांच्या खाली त्यांनी पाच वेळा सही केली, प्रत्येक वेळी आधी कागदाची कोरी बाजू हातानं साफ करून.

बेळगावच्या एका निवृत्त सुभेदारांनी मात्र जीव लावला. कोणत्या पार्ट टू ऑर्डरचा हवाला द्यायचा, कोणत्या पानाची साक्षांकित प्रत जोडायची, हे त्यांनी फोनवर शब्द शब्द सांगितलं. मी पैशांचं विचारलं तर म्हणाले, "ताई, जंगी पलटणीचा माणूस आहे." त्यांचंही माझ्यावर ऋण आहे आणि त्यांना मी अजून पाहिलेलं नाही.

या शोधात एकदा मामांच्या ट्रंकेत तळाशी हात घातला. पलटणीचा जुना फोटो सापडेल म्हणून. सापडला तो सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. वरचे कागद पिवळे पडलेले. पोचा होत्या त्या. आईच्या अंगठ्याच्या, मग माझ्या शिकवण्यातल्या वाकड्या सहीच्या, मग सरळ सहीच्या. दहा वर्षांच्या. खंदकातून, पहाडातून, बरॅकीतून या माणसानं ट्रंकेत तेवढा गठ्ठा जपून आणला होता. डिस्चार्ज बुकाला ओल लागली होती, याला नाही. हा मेणकापडात होता.

"हे कशाला ठेवलंत, मामा?"

"आगं, पोचल्याचं कळायला नको व्हय?"

आई २००९ साली गेली. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मामा ज्याला ज्याला काही देत आले, त्याची पोच त्यांच्याकडे होती. सतरा वर्षं आणि जमालपूरची ती रात्र जिथे दिली, तिथली तेवढी नव्हती. मी चकरा मारत होते ती मेडलसाठी, असं मी तोवर समजत होते.

पहिलं पार्सल २०२३ च्या पावसाळ्यात आलं. रक्षा मेडल आणि नऊ वर्षांचं. दुसरं पुढच्या वर्षी, संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार. पंचविसाव्या वर्षाचं अजून यायचं आहे; त्याचं स्मरणपत्र मी दर तीन महिन्यांनी पाठवते.

मामांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय. रक्षा मेडल त्यांनी तळहातावर घेतलं आणि कडेवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. "वाच," म्हणाले. मी भिंग लावून नंबर वाचायला लागले. तिसऱ्या आकड्यापासून पुढचे आकडे त्यांनीच म्हटले, न चुकता, पाठ ताठ करून. मामी दारात उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि चहा टाकायला आत गेली.

त्या पहिल्या पार्सलासोबत एक छापील कागद होता. पदकं मिळाल्याची सही करून परत पाठवायचा. दिवाणखान्यातल्या लाकडी टेबलावर मी तो पसरला, पेन दिलं. मामांनी कागदाची कोरी बाजू हातानं साफ केली. सही करायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. हात कापतो. मग म्हणाले, याची एक झेरॉक्स काढ आणि आक्काच्या गठ्ठ्यात ठेव.

संध्याकाळी मी पोस्टात निघाले तर अंगणातून त्यांनी हाक मारली, पाकीट परत उघडायला लावलं आणि कागद डोळ्याजवळ धरला. खाली तारीख घातलीय का, ते त्यांना बघायचं होतं.