साठीनंतरचा रकाना

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

साहित्य अकादमीची यादी आली. मराठीत डॉ. सुधीर रसाळ, ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षेसाठी. रसाळ सरांचा जन्म १९३३चा, म्हणजे वय ९१. एक लाख रुपये आणि ताम्रपट.

वहीत नोंद केली. मराठवाड्याच्या जुन्या कॉलेजांतून शिकलेल्या किंवा तिथं शिकवलेल्या माणसांची ही वही. तिला दोनच रकाने आहेत, ‘गौरव’ आणि ‘निधन’. अलीकडे दुसरा रकाना पहिल्याच्या फार पुढे गेला आहे.

रात्री विद्यापीठात मराठीला असलेल्या मित्राचा फोन. “या वयात पुरस्कार म्हणजे कमाल आहे गड्या सरांची.” मी कॉमर्सचा माणूस, समीक्षेतलं मला काय कळणार, पण ‘या वयात’ हे खटकलं. अकादमी पाच वर्षांच्या ठरावीक मुदतीतली पुस्तकं बघते. या वेळची मुदत २०१८ ते २०२२. म्हणजे हे पुस्तक पंच्याऐंशीच्या आगेमागे तयार झालं. ‘कविता आणि प्रतिमा’ हा त्यांचा ग्रंथ चाळीसेक वर्षांपूर्वीचा. कवितेचा पिच्छा तेव्हापासून सुटलेला नाही. आता त्यांनी एका कवीचं गद्य तपासायला घेतलं, एवढंच. मधल्या काळात ‘लोभस’मध्ये गांधेली हे आपलं गाव आणि मनातली माणसं लिहून झाली. यात कमाल म्हणण्यासारखं वय नाही, कामात न पडलेला खंड आहे.

२२ डिसेंबर, रविवार

जालन्याच्या मोतीबागेत सकाळची बैठक. रसाळांवरून गाडी आपल्या कॉलेजांवर आली. तरुण मंडळींना सांगूनही पटत नाही की जालन्यात १९५८पर्यंत कॉलेजच नव्हतं. त्या साली जेईएस कॉलेज निघालं. तोवर मॅट्रिक झालेला मुलगा मीटरगेजच्या गाडीत बसून औरंगाबादला जायचा, नाहीतर थेट हैदराबादला. तिथं उस्मानिया. १९१८ साली निघालेलं ते विद्यापीठ, आणि पोलीस ॲक्शनपर्यंत शिकवण्याची भाषा उर्दू. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०च्या जूनमध्ये कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. आमच्या पिढीला हे सगळं आयतं मिळालं. आमच्या आधीच्यांनी गणित उर्दूत केलं, भाषणं मराठीत दिली आणि नोकरीचे अर्ज इंग्रजीत लिहिले.

बोलता बोलता आमच्या बॅचचा विषय निघाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आमचा एक मित्र गेली कित्येक वर्षं घराच्या ओसरीवर दहावीच्या पोरांचं गणित घेतो, फी घेत नाही. त्याचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं? त्याचा गौरव झालेला नाही, आणि दुसऱ्या रकान्याची त्याला घाई नाही. घरी येऊन वहीत तिसरा रकाना आखला. मथळा : ‘साठीनंतर काय केलं’.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत आणि नामविस्तार दिन. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव आलं. मिलिंदमध्ये शिकलेले शेजारचे गुरुजी पहाटेच बसनं गेले. विद्यापीठाच्या गेटवर जाऊन यायचं, हा त्यांचा नेम आहे. ते ऐंशीला टेकलेत. मुलगा म्हणाला, “आण्णा, थंडी आहे, टीव्हीवर बघा.” गुरुजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मफलर गुंडाळला.

परतल्यावर त्यांच्याकडे तिळगूळ खाताना गंगाधर पानतावण्यांचा विषय निघाला. पानतावणे मूळ नागपूरचे, पण मिलिंदमध्ये शिकवायला आले आणि इथलेच झाले. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक त्यांनी पदरमोड करून वर्षानुवर्षं चालवलं. दलित साहित्याची एक सबंध पिढी त्या अंकांतून छापून आली. खेड्यातल्या पोरानं पोस्टकार्डावर कविता पाठवायची आणि संपादकानं तिला उत्तर द्यायचं, असा तो कारभार. पद्मश्री जाहीर झाली २०१८च्या जानेवारीत. २७ मार्चला ते गेले, वय ८०. गुरुजी म्हणाले, “सरकारला पत्ता सापडायला अंमळ उशीरच झाला.”

दोन्ही रकान्यांत एकाच वर्षाची, दोन महिन्यांच्या अंतरानं पडलेली नोंद. अशा जोडनोंदी माझ्या वहीत बऱ्याच आहेत. मला त्यांचा राग येतो, हे लिहून ठेवतो.

२६ जानेवारी, रविवार

काल न्या. नरेंद्र चपळगावकर गेले. ८६ वर्षांचे होते. बीडचे. मराठीत एम.ए., काही काळ मराठीचे प्राध्यापक, मग वकील, १९९० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आजच्या पेपरांत मथळ्यात ‘निवृत्त न्यायमूर्ती’, आणि मजकूर बराचसा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर. वर्ध्याचं ९६वं संमेलन, फेब्रुवारी २०२३. विदर्भ साहित्य संघाची शंभरी होती ती.

माझ्या मते त्यांचं खरं काम या दोन पदांच्या मधल्या काळातलं आहे. न्यायालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी लिहायला बैठक मारली. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’, ‘कहाणी हैदराबाद लढ्याची’, ‘नामदार गोखल्यांचं शहाणपण’, ‘संस्थानी माणसं’. निजामाच्या राज्यातली माणसं लिहायची तर उर्दूचा अदब, मराठवाड्याचा फटकळपणा आणि कायद्याची काटेकोर नजर, तिन्ही लागतात. त्यांच्याकडे तिन्ही होती. आवाज न चढवता लिहायचे. न्यायमूर्ती असताना माणसाला जाहीरपणे बोलायला बंधन असतं. कदाचित साचलेलं सगळं निवृत्तीनंतर कागदावर उतरलं असेल. आमच्याकडे निवृत्त माणसाला ‘आता आराम करा’ म्हणतात. चपळगावकरांनी आराम केला असता तर हैदराबादच्या लढ्याचं इतकं समतोल मराठी पुस्तक आपल्याकडे नसतं.

कालच पद्म यादी आली. तीत मारुती चितमपल्ली. जन्म १९३२चा, सोलापूरचे. वनखात्यात उभा जन्म गेला. मग पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश असे कोशच्या कोश एकट्यानं केले. ते मराठवाड्याचे नाहीत, तरी नोंद केली. वही माझी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रा. रं. बोराडे काल गेले. ८४ वर्षं.

तीन आठवड्यांच्या आत ही दुसरी नोंद. बोराडे सरांना या वर्षीचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार नुकताच जाहीर झाला होता. तो हाती पडण्याआधीच ते गेले. पुन्हा जोडनोंद.

वैजापूरचं कॉलेज त्यांनी प्राचार्य म्हणून सांभाळलं. गावाकडचा पोरगा अर्ज घेऊन आला की ‘लिहितोस का रे काही?’ असं विचारणारे प्राचार्य त्या काळात विरळाच होते. वैजापूरकडचे दोघेतिघे हे अजून सांगतात. ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ची. गावच्या शिंप्याच्या संसाराची वाताहत, त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत. ७२च्या दुष्काळात आम्ही कॉलेजात होतो. दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर गेलेली वर्गातली पोरं संध्याकाळी ते पुस्तक आळीपाळीनं वाचायची. आपण घरी जसं बोलतो तसं छापता येतं, हे आम्हाला त्या पुस्तकानं कळवलं. नंतर प्रमाण मराठीत अर्ज, टिपणं आणि ताळेबंद लिहिण्यात माझा जन्म गेला, ते वेगळं.

गावातल्या शोकसभेला गेलो नाही. ‘भरून न निघणारी पोकळी’ ऐकण्याची ताकद या महिन्यात उरली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिल्लीचं ९८वं संमेलन आटोपलं. अध्यक्ष तारा भवाळकर, वय ८५. लोकसंस्कृतीवर आणि बायकांच्या ओव्यांवर जन्मभर काम. भाषण मोबाइलवर ऐकलं. कागदाविना, थेट.

२ मार्च, रविवार

मोतीबागेत वाद. एकाचं म्हणणं, वहीत बद्रीनारायण बारवाले यांचं नाव हवं. दुसरा म्हणाला, ते कुठल्या कॉलेजचे? मुद्दा बरोबर. जालन्यात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, पण शेतीशास्त्राची पदवी त्यांनी कुठूनच घेतली नव्हती. १९६४ साली महिको कंपनी काढली, भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार घेतला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पद्मभूषण २००१. गेले २४ जुलै २०१७ला. मी नाव घातलं. ज्याच्यामुळं गावातल्या कित्येक पदवीधरांना नोकरी लागली, तो कॉलेजच्या वहीत बसतो.

८ मार्च, शनिवार

दिल्लीत आज अकादमीच्या पुरस्कारांचा सोहळा. आणि महिला दिन. आमच्या वर्गातल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक अंबडला असते. नवरा गेल्यावर, सत्तरीत, तिनं मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं. मी फोन करून विचारलं, “ताई, वहीत लिहू का?” म्हणाली, “लिहा की. पण ‘या वयात’ असं लिहू नका. तेव्हा घरच्यांनी शिकू दिलं नाही, म्हणून आता शिकले, असं लिहा.” तसंच लिहिलं, तिच्या शब्दांत.

१९ जून, गुरुवार

काल सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. पद्मश्री जाहीर झाली होती जानेवारीत.

वही आता छापायची ठरली आहे. पैसे आम्ही चौघं घालतोय. गौरव आणि निधन हे दोन रकाने मी पेपरातून भरू शकतो. तिसऱ्याची बातमी पेपरात येत नाही. तेव्हा जालना, अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, घनसावंगी, जाफराबाद, बदनापूर, कुठलेही असा, तुमच्या घरात १९८०च्या आधी कॉलेजला गेलेलं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारून चार ओळी लिहून द्या : नाव, कॉलेज, साल, साठीनंतर काय केलं. भूषवलेल्या पदांची यादी नको. दिवाळीपर्यंत थांबतो.